घोडा बदलला, लगाम तोच

मंडळी, आजचा विषय अंमळ ग्रीस लागलेला आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचा, कारण गाडीत नसलात तरी रस्त्यावर तुम्ही असताच.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्या आहेत त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मारुती ८०० मध्ये एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन बसवणं हा पराक्रम नाही, ते अर्धवट काम आहे. आणि आपल्याकडे कायद्याने त्यावर घातलेली सरसकट बंदी हेही अर्धवटच काम आहे. पहिलं अर्धवट काम पोरं करतात, दुसरं सरकार करतं, आणि दोन्हींची किंमत भलताच कोणीतरी भरतो.

सध्या हे खूळ जोरात आहे. मोबाईल उघडला की कुठलीतरी जुनी ८०० नाहीतर अल्टो, बॉनेट उघडं, आत मोठं इंजिन कोंबलेलं, मागे ढोल-ताशाचं म्युझिक, आणि मग स्पीडोमीटरचा काटा वर वर जातानाचा क्लोजअप. खाली हजारभर लोकांचे "भाऊ, नाद खुळा!" यात एकही माणूस विचारत नाही, की भाऊ, ब्रेक कुठले लावलेत?

आधी हे मान्य करू की मोह खरा आहे. आकडेच तसे आहेत. ८०० चं वजन साधारण ६५० किलो. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाची ताकद सुरुवातीला ३७ हॉर्सपॉवर, नंतरच्या एमपीएफआय मॉडेलात ४५ च्या आसपास. एस्टीमचं शेवटच्या काळातलं इंजिन ८५ चं. म्हणजे वजन जवळपास तेवढंच आणि ताकद जवळजवळ दुप्पट. वजनाच्या हिशेबात अशी ८०० आजच्या नव्याकोऱ्या स्विफ्टलाही मागे टाकते. शिवाय दोन्ही इंजिनं सुझुकीच्याच घरातली, भंगारात मिळणारी, आणि उघडून बसवू शकणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात एक तरी असतोच. आपण ऑफिसात जुन्या मशीनमध्ये रॅम वाढवतो तितकंच हे सोपं वाटतं. वाटतं!

तर हे मी कुठून बोलतोय? माझं आजोळ शहागडचं. जालना जिल्हा, अंबड तालुका, गोदावरीच्या काठावर. सोलापूर-धुळे हायवे गावाजवळून जातो आणि गोदावरीचा पूल ओलांडला की एमएच २१ चा एमएच २३ होतो, म्हणजे बीड जिल्हा लागतो. हा हायवे चौपदरी झाला तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांच्या पायाला नुसती खाज सुटली आहे. वडीगोद्री ते गेवराई हा पट्टा त्यांना स्वतःची धावपट्टी वाटतो.

माझ्या मामेभावाचं गॅरेज आहे. हात सोन्याचे आहेत त्याचे, हे नातं बाजूला ठेवून सांगतो. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगणारा माणूस. त्याच्या शेडमध्ये सध्या एस्टीमचं एक इंजिन ताडपत्रीखाली पडलेलं आहे, आणि ते मामांच्या ८०० मध्ये घालायचा त्याचा बेत आहे. त्याच ८०० मधून मामी बाजाराला जातात, भाची क्लासला जाते. "दादा, तू इंजिनिअर असून घाबरतो?" असं तो मला विचारतो. मी म्हटलं, बाबा रे, इंजिनिअर आहे म्हणूनच घाबरतो. शिव्या खाणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, पण आमचं प्रोडक्शनमध्ये काही बिघडलं तर रात्री जागून रोलबॅक करता येतं. हायवेवर रोलबॅकचं बटण नसतं.

आता हिशेब करू. गणित आठवी-नववीचंच आहे, घाबरू नका.

८०० मध्ये चार माणसं बसली की एकूण वजन धरा ९०० किलो. ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्या या गाडीत सुमारे २२२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ताशी १२० ला ती ५०० होते. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनून जायला हवी. आणि ब्रेक कोणते? पुढे छोट्या डिस्क, मागे ड्रम, १२ इंची चाकांच्या आत मावतील एवढे. एबीएस नाही. त्यात ब्रेक ऑइल पाच-सात वर्षं न बदललेलं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, मग तापलं की उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या वर असतो, हे वेगळं सांगायला नको.

पुढे. चांगला रस्ता, चांगले टायर आणि शाबूत ब्रेक धरून ८० वरून थांबायला साधारण ३६ मीटर लागतात, १२० वरून ८१ मीटर. त्यात डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा. ८० ला त्या सेकंदात गाडी २२ मीटर जाते, १२० ला ३३. एकूण झाले ५८ मीटर आणि ११४ मीटर. आता रात्रीची वेळ घ्या. जुन्या ८०० चे हेडलाइट डिपरवर असताना पुढचे पन्नासेक मीटर नीट दिसले तरी नशीब. म्हणजे १२० च्या वेगाने जाणारा माणूस दिसत असलेल्या अंतराच्या दुप्पट अंतरात थांबणार आहे. उरलेलं अंतर तो आंधळाच असतो.

आणि त्या आंधळ्या अंतरात आमच्या शहागडला काय असतं? ऊस! जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा हा पट्टा. इकडे अंकुशनगरचा कारखाना, तिकडे गढीचा. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या टायरगाड्या चालू असतात. ट्रॅक्टरचा वेग पंधरा-वीस, बैलांचा त्याहून कमी. मागे लाल दिवा असला तर असला. रिफ्लेक्टर असतो, पण त्यावर उसाचं पाचट लोंबत असतं. शिवाय पुढच्या फाट्यापर्यंतचा वळसा वाचवायला राँग साइडने येणारी मोटारसायकल, तिच्यावर तिघं. हा रस्ता जर्मनीतला नाही हो. रस्ता चौपदरी झाला म्हणून त्यावरचं गाव बदललेलं नाही.

आता ही टक्कर झालीच तर गाडीचा पत्रा काय करतो? २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या. अल्टो ८०० आणि नॅनोसकट पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. आणि चाचणीचा वेग होता ताशी ६४. अल्टो ही ८०० नंतरची, नवी गाडी. १९८३ साली रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मूळ ८०० तर एअरबॅगचं नावही ऐकलेली नाही. तिच्यात तुम्ही ८५ घोडे बांधताय.

यावर तीन उत्तरं हमखास येतात. तिन्हींचा समाचार घेऊ.

पहिलं: "आम्ही पळवणार नाही, ओव्हरटेक झटकन होतो म्हणून मोठं इंजिन. उलट सेफच झालं ना." हा युक्तिवाद जुन्या दुपदरी रस्त्यावर खरा होता. समोरून ट्रक येत असताना आठ सेकंदांऐवजी पाच सेकंदांत एसटीच्या पुढे निघता आलं तर जीव वाचू शकतो, मान्य. पण जिथे मधे दुभाजक आहे तिथे ओव्हरटेकला समोरच्या लेनमध्ये जावंच लागत नाही. ज्या रस्त्यावर हे कारण खरं होतं तो रस्ता गेला, कारण मात्र राहिलं. आणि केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना कमाल वेग आहे १००. तेवढा वेग कंपनीच्या ४५ घोड्यांत आरामात निघतो. मग उरलेले चाळीस घोडे कशासाठी, ते तरी प्रामाणिकपणे सांगा. रीळसाठी.

दुसरं: "पंचवीस लाखांची एसयूव्ही १८० ने जाते ती चालते, आणि गरिबाची ८०० पळाली की गुन्हा?" हा प्रश्न बोचणारा आहे, आणि त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. १८० ने जाणारा एसयूव्हीवालाही गुन्हेगारच आहे आणि त्याला कोणी धरत नाही, ही आपली लाज आहे. पण त्याच्या गाडीचे ब्रेक, टायर, सस्पेन्शन त्या वजनाला आणि ताकदीला मोजून बसवलेले असतात, आणि ते सगळं एकत्र तपासून मग गाडीला मान्यता मिळते. तुमच्या ८०० चं असं कोणी काही तपासलेलं नाही. फरक गरीब-श्रीमंतीचा नाही, टेस्टिंगचा आहे. टेस्ट न करता डिप्लॉय करणाऱ्या पोराला तुम्ही टीममध्ये ठेवाल का?

तिसरं, आणि हे माझ्या खास आवडीचं: "जगभर लोक करतात. मिनी कूपर बघा!" बघूच. १९५९ ची मूळ मिनी ८४८ सीसीची, ३४ हॉर्सपॉवरची. जॉन कूपरने तिच्यात ९९७ सीसीचं ५५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणलं आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली. पुढे याच घराण्यातल्या कूपर एस गाड्यांनी १९६४, ६५ आणि ६७ ची माँटे कार्लो रॅली मारली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच १९६१ च्या गाडीत पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक बसवले होते, हे वाक्य कुणीच सांगत नाही. इंजिन १४९ सीसीने वाढवलं तर त्यांनी ब्रेक बदलले. आपण ५०० सीसीने वाढवतो आणि स्टिकर बदलतो.

इंजिन बदलणं म्हणजे एका जागी नट-बोल्ट बदलणं नव्हे. तीनऐवजी चार सिलिंडर म्हणजे इंजिन लांब झालं, नाकावर वजन वाढलं, वळणावर गाडी सरळ पळायला बघणार. टॉर्क दीडपटीहून जास्त, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट सगळ्यांवर ताण. रेडिएटर तोच ठेवला तर वाडीगोद्रीपर्यंत वाफ. माउंटिंग वेल्डिंग करून बसवलं तर ते वेल्डिंग कुठल्या थकव्याला तुटेल ते कोणीच मोजलेलं नाही. आणि एवढं करून, हवेचा विरोध वेगाबरोबर इतका वाढतो की ताकद दुप्पट केली तरी टॉप स्पीड जेमतेम पाव हिश्श्याने वाढतो. सगळा खटाटोप त्या पाव हिश्श्यासाठी.

असो. आता दुसऱ्या अर्धवट कामाकडे वळू, नाहीतर मी आरटीओचा वकील आहे असं वाटायचं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करू नये. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आणलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्या इंजिनाच्या जागी त्याच मेक-टाइपचं इंजिन टाकून नंबर आरसीवर चढवता येतो. वेगळं, मोठं इंजिन? दार बंद.

पण हेच सरकार सीएनजी किटला दार उघडून देतं. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायची तर त्यालाही देतं. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, तपासणी, आरसीवर नोंद. म्हणजे बदललेली गाडी तपासायची कशी हे आपल्याला येतं. पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे, जिथे गाड्या तपासून मान्यता देण्याचंच काम चालतं. मग मोठ्या इंजिनाला नियम का नाही? जर्मनीत असा बदल तपासनीसासमोर न्यायचा, पास झाला की कागदांवर नोंद होते. ऑस्ट्रेलियात मूळ गाडीचं वजन किती यावरून तिच्यात किती सीसीपर्यंतचं इंजिन चालेल याचा तक्ताच ठरलेला आहे, आणि इंजिनिअरची सही लागते. किती साधी गोष्ट! वजन बघा, ताकद बघा, ब्रेक बघा, सही करा. नाहीतर नको म्हणा, पण कारण देऊन.

बंद दाराचा परिणाम काय होतो? बदल थांबत नाहीत, लपतात. ज्याला ब्रेकसुद्धा नीट बदलायचे आहेत त्यालाही चोरूनच काम करावं लागतं, मग तो कशाला ब्रेकवर वीस-तीस हजार घालवेल? पकडला गेला तर दोन बदल, दोन दंड! काळजी घेणारा आणि बेफिकीर, दोघंही कायद्याच्या लेखी सारखेच. पंधरा वर्षांनी आरसी नव्याने काढायला गेलात की इंजिन नंबर जुळत नाही. अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी तुमच्या नुकसानीवर हात वर करायला मोकळी. आणि कोर्टाच्या दारात उभा राहतो गावातला मिस्त्री किंवा त्याचा मामा.

आणि इथे, मंडळी, मला तुमच्याशी बोलायचं आहे. माझ्या मामेभावाला हे खूळ कुठून लागलं? त्याच्याकडे पुण्याहून गाड्या येतात म्हणून. पुण्यात कोणी हात लावत नाही, लावला तर पैसे भरपूर मागतात, आणि चौकाचौकात पोलिस. मग विकांताला नगर, पाथर्डी, गढी करत गाडी गेवराई-शहागडकडे आणायची, स्वस्तात काम करून घ्यायचं, आणि "ट्रायल" म्हणून उसाच्या ट्रॉल्यांमधून एकशेवीसने पळवून रविवारी रात्री परत. सोमवारी हापिसात कॉफी मशीनपाशी किस्सा. म्हणजे शौक तुमचा, आणि जोखीम त्या रस्त्यावर बैल हाकणाऱ्याची. ऊसतोडीवरून परत येणारी जी बाई टायरगाडीवर लेकरू मांडीवर घेऊन बसलेली असते, तिने तुमच्या पॉवर-टू-वेट रेशोला लाईक दिलेलं नाही.

ज्यांना खरोखर वेग हवा आहे त्यांच्यासाठी जागा आहेत. कोइम्बतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत, आपल्या नाशिकला रॅली होत आली आहे. तिथे रोल केज, हार्नेस, हेल्मेट, अँब्युलन्स असते. तिथे मोठं इंजिन घाला, मी टाळ्या वाजवायला येईन.

आणि ज्यांना जुनी ८०० वरच जीव लावायचा आहे त्यांनी खर्चाचा क्रम उलटा करावा. आधी ब्रेक: पॅड, लायनर, नळ्या, ऑइल. मग टायर. मग हेडलाइट आणि मागचे दिवे. मग सस्पेन्शन, मग कूलिंग. एवढं झालं की गाडी इतकी वेगळी वाटते की निम्म्या लोकांची मोठ्या इंजिनाची हौस तिथेच फिटते. उरलेल्या निम्म्यांनी इंजिनाऐवजी एक अर्ज करावा. वजन आणि सीसीचा तक्ता, इंजिनिअरची तपासणी, आरसीवर नोंद, एवढीच मागणी. आपण स्टेटस बारमधला एक बग दिसला तर तीन पानी ईमेल लिहिणारी माणसं. एक अर्ज आपल्याला जड नाही.

मामेभावाला मी एवढंच सांगितलंय: ताडपत्री राहू दे, आधी मामांच्या गाडीचे ड्रम उघड. उघडले त्याने. मागच्या उजव्या चाकाचं लायनर रिव्हेटपर्यंत झिजलं होतं, आणि व्हील सिलिंडर गळत होता. ३७ घोड्यांनाच लगाम उरला नव्हता. नवे घोडे आणायच्या गप्पा त्यावर चालल्या होत्या.

तुमच्या गाडीचे शेवटचे कधी उघडले होते?